रस्त्यांच्या फाईलची साक्ष

मी रस्त्यांची फाईल बोलतेय. जरा शांतपणे बोल, असं मला आधीच सांगू नका. सहा वर्षं शांतच होते, आणि त्याचं काय फळ मिळालं ते आता ऐकाच.

दवाखान्यात सिस्टरांच्या हातात टॅब असतो, तुम्ही पाहिला असेल. त्यावर रुग्णाचं नाव, त्याच्या तपासण्या, औषधं, आहार, सगळं दिसतं. ज्या वेब अ‍ॅपमध्ये ते दिसतं, त्याच्या पोटात मी राहते. तुम्ही बोटाने काहीतरी दाबता, वरच्या ओळीतला पत्ता बदलतो आणि नवं पान समोर येतं. कुठल्या पत्त्यावर कुठलं पान उघडायचं, आणि कुठलं पान कुठल्या पानाच्या आत बसवायचं, हे माझ्यात लिहिलेलं असतं. एखाद्या बटणाचा रंग बदलला तरी लोक वाहवा करतात. माझं नाव मात्र कुणी काढत नाही.

मला कान कुठून आले, असलं काही विचारू नका. ज्याला तोंड फुटलं त्याला कान असायचेच. मूळ मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर असते आणि माझी एकेक प्रत वॉर्डातल्या प्रत्येक टॅबमध्ये. त्यामुळे इकडचंही कळतं, तिकडचंही कळतं. कळून करता काहीच येत नाही, हे माझं दुखणं.

मला लिहिलं एका बाईने. ऑफिसात तिला सगळे नकाशेवाली म्हणत, कारण कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी ती कागदावर नकाशा काढायची. माझाही काढला. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर, चार रंगांच्या पेनांनी. आधी वॉर्ड, वॉर्डाच्या आत रुग्ण, रुग्णाच्या आत तपासण्या, औषधं, आहार. दोन दिवस ती त्या कागदावर वाकून बसली होती. चहा गार व्हायचा, ती गारच प्यायची.

तिने घातलेला नियम साधा होता. रुग्णाचं पान ही आई, आणि तपासण्या, औषधं, आहार ही तिची लेकरं. प्रत्येक खात्याचं काम वेगळा माणूस लिहिणार, म्हणून प्रत्येक खात्याचं वेगळं मॉड्यूल, म्हणजे वेगळा कप्पा, आणि त्या मॉड्यूलमध्ये त्याच्या पानांचे रस्ते. ते रस्ते येऊन जुळणार मात्र माझ्याकडे, आणि तेही आईच्या पदराखालीच. समोर कुठला रुग्ण आहे हे फक्त आईला ठाऊक. लेकराने उघडायच्या आधी आईला विचारायचं, कोण गं आहे समोर? आईने सांगितलं की मगच पुढचं पाऊल.

"आपल्या घरात एकच आई," ती सगळ्यांना बजावायची. "ज्याला त्याला आपापली आई आणायची असेल त्याने माझ्या टेबलाशी यायचं, आधी माझ्याशी भांडायचं आणि मग आणायची."

लोक हसायचे, पण ऐकायचे. तेव्हा मी जेमतेम दोनशे ओळींची होते. खोटं कशाला बोलू, मला माझा फार अभिमान होता.

वॉर्डात मी पहिल्यांदा गेले ती मोठ्या सिस्टरांच्या हातात. पुरुषांच्या वॉर्डात त्या बावीस वर्षं होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी टॅबकडे असं पाहिलं की जणू कुणी त्यांच्या स्वयंपाकघरात परकी बाई आणून उभी केलीय. "हे ओ म्हणतं का ठो म्हणतं तेच कळत नाही," म्हणाल्या. पण महिनाभरात सरावल्या. त्यांची एक सवय होती. पान उघडलं की आधी वरच्या पट्टीतलं नाव मोठ्याने वाचायच्या, मग रुग्णाच्या मनगटावरची पट्टी वाचायच्या, आणि मग रुग्णालाच विचारायच्या, "तुमचं पूर्ण नाव सांगा बरं." तीन ठिकाणी जुळलं तरच औषध. रुग्ण वैतागायचे. एकजण म्हणाला, "सिस्टर, सकाळपासून चार वेळा सांगितलं, आता तरी पाठ झालं असेल की." तर म्हणाल्या, "मला पाठ आहे हो. तुम्हाला आहे का ते बघतेय."

माणसांच्या बोटांविषयी मी पुष्कळ शिकले. पान उशिरा उघडलं की माणूस तेच बटण तीनदा दाबतो, आणि तिसऱ्यांदा जास्त जोरात, जणू काचेला लागेल आणि ती घाबरून पळेल. आणि परत फिरायचं असलं की स्वच्छ लिहिलेलं 'रुग्णांची यादी' हे बटण कुणी दाबत नाही. सगळे वरच्या कोपऱ्यातला मागे जायचा बाण दाबतात. डॉक्टर दाबतात, वॉर्डबॉय दाबतात. ही गोष्ट ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हती, कारण ऑफिसातलं कुणी कधी वॉर्डात येऊन उभं राहिलं नाही.

तीन वर्षं बरी गेली. मग तक्रार आली, औषधांचं पान उघडायला चार सेकंद लागतात. तक्रार खरीच होती. आई आधी सगळ्या रुग्णाची माहिती गोळा करायची आणि मगच लेकराला दार उघडायची. ऑफिसातल्या साहेबांनी लगेच तारीख दिली. त्यांना तारीख द्यायला फार आवडायचं, म्हणून त्यांचं नावच तारीखसाहेब पडलं होतं.

औषधांचं मॉड्यूल होतं जुगाडरावांकडे. चाळिशी उलटलेला, तीन मुलांचा बाप, स्वभावाने गोड माणूस. काम अडलं की ह्याच्याकडे काहीतरी शक्कल असायचीच. त्याने काय केलं, तर औषधांचं पान आईच्या मांडीवरून उचललं आणि बाहेर एकटं ठेवलं. आता आईला विचारायचं नाही. मग रुग्ण कोण ते कळणार कसं? तर त्याने एक सामाईक खिसा केला. यादीत ज्या रुग्णाच्या नावावर शेवटचं बोट पडलं, तो रुग्ण त्या खिशात. औषधांच्या पानाने खिशात हात घालायचा आणि जो सापडेल त्याची औषधं दाखवायची. वरची नावाची पट्टी मात्र जुन्याच पद्धतीने पत्ता वाचून नाव लिहायची. एकाच पानावर वरचं डोकं एकाचं ऐकणार आणि खालचं धड दुसऱ्याचं. मी तेव्हाच ओरडले असते, पण मला ओरडायची सोय कुठे होती?

ऑफिसचा एक रिवाज होता. एकाने केलेला बदल दुसऱ्याने वाचायचा आणि बरोबर आहे असं म्हटल्याशिवाय तो पुढे जायचा नाही. जुगाडरावांचा बदल वाचायला आला नकाशेवालीकडे.

"अहो, हे काय केलंत?" ती म्हणाली. "औषधं बाहेर? आणि हा खिसा कसला?"

"सेकंदाच्या आत उघडतंय बघा. चालवून बघा ना."

"उघडतंय हो. पण पत्ता एक सांगेल आणि खिसा दुसरं सांगेल, असं कधी झालं तर?"

"यादीतून आलं की खिसा भरतोच. यादीशिवाय येणार कुठून माणूस?"

तिने घड्याळ पाहिलं. मुलीला शाळेतून आणायची वेळ झाली होती. मागून तारीखसाहेबांचा आवाज आला, "झालं का वाचून? आजची तारीख आहे."

"सध्या चालेल," ती म्हणाली. "पण तात्पुरतं हं. पुढच्या महिन्यात आपण हे नीट करू."

आणि तिने 'हो'चं बटण दाबलं. जिने सगळ्यांना एकच आई म्हणून दम भरला, तिनेच. तिला दिसलं नव्हतं असं नाही. तिला पुरतं दिसलं होतं, म्हणून तर तिने विचारलं. मला राग जुगाडरावांचा नाही येत एवढा. त्याला कळलंच नव्हतं.

तो पुढचा महिना काही उजाडला नाही. मग माझी अवस्था आओ जाओ घर तुम्हारा अशी झाली. आहारवाला आला, त्याने एक रस्ता चिकटवला. बिलवाली आली, तिने दुसऱ्याचा रस्ता जसाच्या तसा उतरवून घेतला आणि त्यातलं नावसुद्धा बदललं नाही. दोनशे ओळींची मी सतराशे ओळींची झाले. कुणी मला उघडलं की आधी उसासा टाकायचं. कॅलेंडरवरचा तो नकाशा केव्हाच कचऱ्यात गेला.

आणि मग तो दिवस आला. दुपारचे चार वाजायला आले होते. नऊ नंबरच्या खाटेवर घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा होते, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी त्याच सकाळी आलेले. अकरा नंबरवर साखरेचा आजार असलेले एक मास्तर. मोठ्या सिस्टरांनी यादीतून नऊ नंबरवर बोट ठेवलं, औषधांचं पान उघडलं. वाचायला सुरुवात करणार एवढ्यात मास्तरांची मुलगी आली.

"सिस्टर, बाबांचा एक्स-रे किती वाजता आहे हो?"

"थांब, बघून सांगते."

त्यांनी यादीत जाऊन अकरा नंबरवर बोट ठेवलं. खिशात अकरा नंबर गेला. त्यांनी तपासण्यांचं पान उघडलं, "पाच वाजता" असं सांगितलं, आणि परत नऊ नंबरकडे यायला सगळे दाबतात तोच बाण दोनदा दाबला. पत्ता नऊचा झाला. वरच्या पट्टीत आजोबांचं नाव आलं. बाणाने खिसा काही बदलत नाही. खाली मास्तरांची औषधं उघडली आणि त्यात पहिलंच होतं इन्सुलिनचं इंजेक्शन.

मी पाहत होते हो. माझ्याच अंगावरून ते पान गेलं.

सिस्टरांनी नाव मोठ्याने वाचलं. मनगटावरची पट्टी वाचली. "आजोबा, पूर्ण नाव सांगा." आजोबांनी सांगितलं. तिन्ही जुळलं. इन्सुलिन देताना दुसऱ्या सिस्टरने पाहायचं असतं, म्हणून त्यांनी शेजारच्या वॉर्डातल्या सिस्टरला बोलावलं. तिने तीच काच पाहिली, तेच नाव वाचलं आणि मान हलवली. सगळं नियमाप्रमाणे झालं. सिस्टरांनी सुई दिली आणि 'दिलं' हे बटण दाबलं. ती नोंद कुणाच्या नावावर पडली? खिशातल्या माणसाच्या. म्हणजे मास्तरांच्या.

पाऊण तासाने आजोबांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. सिस्टरांनीच ते सगळ्यात आधी पाहिलं, त्यांनीच बोटातून रक्त काढून साखर मोजली, धावत जाऊन ग्लुकोज लावलं, डॉक्टरांना बोलावलं. आजोबा वाचले. संध्याकाळी उठून बसले आणि म्हणाले, "माझं मेन स्प्रिंगच सुटलं होतं बहुतेक." सिस्टर हसल्या नाहीत. त्या थेट मेट्रनबाईंच्या खोलीत गेल्या आणि सांगून आल्या, "माझ्या हातून नऊ नंबरला इन्सुलिन गेलं. कसं गेलं ते बघायला हवं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चौकशी समितीने नोंदी काढल्या. नोंदीत स्वच्छ लिहिलेलं, इन्सुलिन अकरा नंबरच्या नावावर दिलं. आणि सुई टोचलेली नऊ नंबरला. म्हणजे बाई नाव न तपासता भलत्याच खाटेशी गेली, झालं, निकाल! शेजारच्या सिस्टरने सांगितलं की वर आजोबांचंच नाव होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. तर समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "मैत्रिणीला सांभाळून घेताय, समजतं आम्हाला." कागद खोटं कशाला बोलेल, असं सगळ्यांचं म्हणणं. कागद खोटंच बोलत होता! तो कागद माझ्यातून निघाला होता, मी सांगते ना! वॉर्डात इतकी वर्षं काढलेल्या बाईविरुद्ध खोटी साक्ष दिली ती मी. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळीचा खांब म्हणून मला वापरलं.

समितीने ऑफिसात फोन करून विचारलं, तुमच्या अ‍ॅपमध्ये काही गडबड आहे का? तारीखसाहेबांनी जुगाडरावांना तपासायला बसवलं. त्याने यादीतून नऊ नंबर उघडला, नऊ नंबरची औषधं आली. अकरा उघडला, अकराची आली. पंधरा वेळा उघडलं, पंधरा वेळा बरोबर. बाण त्याने एकदाही दाबला नाही, कारण यादीशिवाय येणार कुठून माणूस! साहेबांनी फोनवर सांगून टाकलं, "आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे. वापरणाऱ्याची चूक दिसतेय."

नकाशेवाली हे सगळं आपल्या टेबलावरून ऐकत होती. जेवणाच्या सुट्टीत सगळे उठून गेले, तशी तिने मला उघडलं. तीन वर्षांनी. ती सरळ औषधांच्या रस्त्यापाशी आली, शोधावं लागलंच नाही. मग टॅब घेतला. नऊ उघडला, अकरा उघडला, बाण दाबला, पुन्हा दाबला. वर एक नाव, खाली दुसऱ्याची औषधं. तिने टॅब पालथा ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली.

मला वाटलं, सुटले बाई! आता ही उठेल आणि फोन करेल.

ती उठली आणि साहेबांकडे गेली. साहेबांनी दार लावून घेतलं.

"सर, चूक आपली आहे. बाण दाबला की दिसते."

"कुणी कुणी पाहिलंय?"

"मी एकटीने."

"मग झाकली मूठ राहू दे. हा बदल वाचून हो कुणी म्हटलं होतं, आठवतंय ना?"

ती परत जायला वळली, तसे साहेब पुढे म्हणाले,

"आजच्या आज नीट करून टाक. बदलाच्या नोंदीत लिही, किरकोळ सुधारणा. त्या सिस्टरचं काय, जास्तीत जास्त बदली होईल."

तिने मला नीट केलं. खिसा काढला, औषधांचं पान परत आईच्या पदराखाली आणलं. आई आता आधी सगळी माहिती गोळा करत बसत नाही, नुसतं नाव सांगते आणि लेकराला लगेच सोडते. पान सेकंदात उघडतं. एका दुपारचं काम होतं हो! तीन वर्षं पुढच्या महिन्यावर ढकललेलं काम, अडीच तासांत झालं. आणि नोंदीत लिहिलं, किरकोळ सुधारणा.

माझी तब्येत सुधारली आणि त्याच दिवशी सिस्टरांचा एकुलता एक पुरावा गेला.

काल सिस्टर स्वतः ऑफिसात आल्या. कुणाच्या ओळखीने आल्या देव जाणे. नकाशेवालीच्या टेबलासमोर खुर्चीच्या कडेवर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"मॅडम, मी भांडायला नाही आले. मला एकदा बघू द्या फक्त. त्या दिवशी जे दाबलं, तसंच दाबून बघते."

नकाशेवालीने टॅब पुढे केला. सिस्टरांनी नऊ उघडला, अकरा उघडला, बाण दोनदा दाबला. सगळं आठवत होतं त्यांना, एकेक बोट. वर नऊचं नाव आलं आणि खाली नऊचीच औषधं आली.

त्यांनी परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा केलं.

"बरोबर दाखवतंय की," त्या म्हणाल्या.

"हो," नकाशेवाली म्हणाली. एवढंच म्हणाली.

"म्हणजे मीच चुकीचं वाचलं." सिस्टरांनी चष्मा काढून पदराने पुसला. "मुलगा म्हणत होता, आई, तुझं वय झालं. मी त्याच्यावरच ओरडले. दुसऱ्या सिस्टरलाही मीच भरीला घातलं असणार. बरं झालं बाई, कळलं तरी. मला वाटत होतं मला वेड लागतंय."

उद्या अकरा वाजता त्यांना समितीसमोर सही करायची आहे. 'मी रुग्णाचं नाव न तपासता औषध दिलं', असा कागद तयार आहे. सही केली की त्यांना औषधांच्या भांडारात बसवणार, रुग्णाला हात लावायचा नाही. सिस्टर आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. शेजारच्या सिस्टरला फोनवर सांगत होत्या, मी सही करणार आहे, खोटं कशाला बोलू.

नकाशेवाली, आता तुझ्याशीच बोलते. तू माझी आई आहेस, म्हणून तोंड आवरून बोलणार नाही. तू मला बरं केलंस, उपकार नको मानायला लावूस. माझं बिघडलेलं रूप कुठे आहे ते तुला ठाऊक आहे. केलेला प्रत्येक बदल तिथे तारखेसकट जपलेला असतो, आणि कुणी हो म्हटलं त्याचं नावही असतं. एका आज्ञेने मी परत तशीच्या तशी होईन, खिशासकट. लाज मला वाटेल, तुला कशाला? मला तशी मोडकी करून टॅबमध्ये घाल, समितीच्या टेबलावर ठेव, आणि त्या शहाण्या गृहस्थांना म्हण, नऊ उघडा, अकरा उघडा, बाण दाबा.

नोकरीचं तुझं तू बघ. तुझी मुलगी आहे, घर आहे, सगळं मला कळतं. पण उद्या अकरा वाजायच्या आधी एवढं तरी कर. त्या बाईला फोन लाव आणि सांग, सिस्टर, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. तुम्ही वाचलंत ते बरोबरच वाचलंत.